ठासणीची म्हणजे भरलेली नव्हे

अन्याय झाला तो एका सरकारी कारकुनाच्या विधवेवर. दिल्लीत, आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरमध्ये, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती सकाळ आठवली की मला बसवत नाही. उठून येरझाऱ्या घालतो.

गुडगावात तेव्हा शेतं जाऊन टॉवर उभे राहत होते. नव्या दिवाणखान्यांच्या भिंतींना जुनं खानदान हवं होतं, आणि ते पुरवणारे, जुन्या वस्तूंचे दलाल गल्लोगल्ली फिरत होते.

ठाण्यात निनावी फोन आला: अमक्या क्वार्टरमध्ये भरलेली बंदूक आहे. माझ्या सबइन्स्पेक्टरनं झडती घेतली. दिवाणात धाबळीत गुंडाळलेली दुनळी बंदूक मिळाली. परवाना नव्हता. बाईंना हिंदी धड येत नव्हतं. म्हणाल्या, "सासऱ्यांची आहे. ठासणीची." त्यानं मुलीकडे पाहिलं. दिल्लीत वाढलेली ती, हा शब्दच तिनं कधी ऐकला नव्हता. घाबरून म्हणाली, "ठूँसी हुई... मतलब, भरी हुई है." त्यानं बंदूक मधून मोडून उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. "कारतूस फँसा है," असं ठरवून त्यानं दोघींना ठाण्यात आणलं.

मी पोहोचलो तेव्हा मायलेकी बाकावर होत्या. मुलीची केंद्र सरकारच्या नोकरीसाठी निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली. क्वार्टरही सोडायचंच होतं.

"आई, तू नीट का नाही सांगितलंस यार?"

"नीटच सांगितलं. ठासणीची म्हटलं. तूच तिथं भरी-भरी करत बसलीस!"

ठासणीची! मी ताबडतोब बंदूक मागवली. तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजानं ठासायची ही बंदूक. मागून उघडतच नाही, तर काडतूस अडकेल कुठं? नळ्यांवर लाटांसारखी नक्षी, घोड्यांपाशी चांदीची वेल. आत गज सोडला, तर तो तळाला पोहोचण्याआधीच अडला. दोन्ही नळ्यांत काहीतरी घट्ट बसलं होतं.

"हल्ली कुणाला दाखवली होती?"

"जुन्या वस्तूंवाले एक आले होते. 'माताजी, कबाड़ है' म्हणाले. पंख्याच्या किमतीत मागत होते. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, पुलिस को पता चला तो?"

आणि तेवढ्यात तोच गृहस्थ ठाण्यात हजर! बाईंनी लगेच ओळखलं. सफारी सूट, बोटात गाडीची किल्ली. कुणी बोलावलं होतं त्याला?

"साहब, ये तो अपनी माताजी हैं. केस मत बनाइए. कबाड़ मैं उठा ले जाता हूँ."

"भरी हुई है. हाथ कैसे लगाओगे?"

तो हसला. "अजी, भरी कहाँ! दोनों नालों में सीसा डाला हुआ है. मैंने खुद देखा है." म्हणजे शिसं ओतून नळ्या कायमच्या बंद केलेल्या, आणि हे त्याला आधीच ठाऊक होतं.

"बैठिए. फिर फ़ोन पर भरी हुई क्यों बताई?"

फोन घेणारा हवालदार दारातच होता. "आवाज़ यही थी, साहब."

चौकशीत त्यानं कबूल केलं. बाई पोलिसांना घाबरून बंदूक कवडीमोलानं देईल, असा त्याचा हिशेब होता. तज्ज्ञांनी लिहून दिलं: जुन्या घडणीची, दुरुस्त करूनही चालणार नाही. अशा बंदुकीला परवाना लागत नाही. मुलीची पडताळणी स्वच्छ गेली. जाणकारानं सांगितलेली किंमत नव्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याइतकी होती. ती ऐकून बाई म्हणाल्या, "सासरे उगाच नाही तिला तेल लावत बसायचे."

दलाल जामिनावर सुटला आणि पुन्हा धंद्याला लागला. त्याचा राग आहेच. पण जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझ्या सबइन्स्पेक्टरनं लाच मागितली नव्हती, हात उगारला नव्हता. फक्त एक शब्द त्याला कळला नाही, आणि त्यानं पुन्हा विचारला नाही. तेवढ्यावर एक घर उद्ध्वस्त झालं असतं. देशाच्या राजधानीत आपल्या भाषेत खरं बोलणं हा गुन्हा ठरतो, आणि कुणाला काही वाटत नाही?

वाचून हळहळू नका. उद्या तुमच्यावर वेळ आली आणि जबाब परक्या भाषेत लिहिला गेला, तर तो वाचून दाखवायला लावा. दुभाषा मागा. साहेब ओरडेल, ओरडू द्या. शब्द न् शब्द कळेपर्यंत सही करू नका.