माइकवर आलेले दोनशे अठ्ठावीस व्होल्ट

लॅबच्या दाराला लिंबू-मिरची बांधली म्हणून पोरांना झापणारा मी मास्तर. धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहितो.

भडगावचे माझे नानामामा बँडवाल्यांना ॲम्प्लिफायर बनवून देतात. त्यांचा मुलगा गोकुळ बँडमध्ये गायचा. उन्हाळ्यात एका सकाळी मामांनी हाताने काढलेल्या सर्किटचा फोटो पाठवला, मागोमाग फोन. "आवाजमा घूं-घूं येस रे भाऊ. दुपारले हळदना कार्यक्रम शे, गोकुळ गाना म्हननार शे. जरा देखी सांग."

मी ते सर्किट कॉम्प्युटरवर सिम्युलेशनमध्ये काढलं. सप्लाय फक्त चोवीस व्होल्टचा. घरातल्या लाइटचं, २३० व्होल्टचं कनेक्शन मी त्यात दाखवलंच नव्हतं. रन केलं. बाकी आकडे बरोबर, पण माइकच्या बॉडीवर २२८ व्होल्ट! बॉडी थेट ग्राउंडला जोडलेली — तिथे शून्याशिवाय काही येऊच शकत नाही.

पोरं ग्राउंड जोडायला विसरतात तेव्हा असले भलते आकडे येतात. माझं ग्राउंड जागेवर होतं. पुसून नव्याने काढलं... पुन्हा २२८. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चिडून सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा शून्य आलं. मी मामांना कळवलं, "सर्किट ठीक आहे, कॅपॅसिटर तेवढा बदला." त्या आकड्याबद्दल बोललो नाही. मास्तरने हसं कशाला करून घ्यायचं?

दुपारी तीनला फोन आला. मांडवात पाणी शिंपडलेलं होतं, गोकुळ अनवाणी होता. त्याने माइक धरला तो सुटलाच नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

घूं-घूं थांबावी म्हणून मामांनी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकली होती. आमच्याकडचे बरेच बँडवाले असंच करतात. त्यात ट्रान्सफॉर्मर आतून जळाला आणि करंट ॲम्प्लिफायरच्या सगळ्या पेटीवर आणि तिला जोडलेल्या माइकवर उतरला. वायरमनने माइकला मीटर लावला — २२८. पण प्लग त्या कागदावर नव्हताच, आणि ट्रान्सफॉर्मर जळाला तो नंतर... मग माझ्या स्क्रीनवर ते सकाळीच कसं आलं?

ती फाइल मी नंतर कितीदा तरी चालवून पाहिली. शून्यच येतं.

सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी मामा माझ्याजवळ येऊन बसले. "तू तं तपासं व्हतं ना भाऊ... तुले काहीच दिखनं नही?"

मी म्हटलं, "नाही, मामा."