रिक्षातून दिलेली हाक

भाचीचं जाहिरातींचं ऑफिस खताच्या दुकानाच्या माडीवर आहे आणि तिथं लिहायचं काम मी करते, असं सांगितलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात. बघू देत. मी शाळा सोडली सातवीत, पण वाचणं नाही सोडलं. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. एकदा भाची घरात लावायच्या कॅमेऱ्याची जाहिरात लिहायला डोकं धरून बसली होती. मी लसूण सोलत म्हटलं, "लिही की, सासूबाई गावाला गेल्या? आमचा कॅमेरा लावा." दुकानदार पोट धरून हसला आणि पुढची जाहिरातही मावशींनीच लिहायची म्हणाला. तेव्हापासून मोबाइल, पॉवर बँक, कॉम्प्युटर, येईल त्याची गंमत करणं हा माझा धंदाच झाला.

मग आलं गेमिंग कॅफेचं काम. मालक माढ्याकडचा, तरुण. मोठमोठे पडदे, फिरत्या खुर्च्या, आपल्या सोलापूरच्या उन्हातून आत शिरलं की अंगावर काटा येईल असा एसी. सगळं होतं, फक्त पोरं नव्हती. त्या दुकानाची पायरी चढलास तर बघ, असं गल्लीगल्लीतल्या आयांनी बजावून ठेवलेलं. इकडे भाचीला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलेलं. पोरं आली तर कॅफेवाला वर्षभराच्या जाहिराती आम्हालाच देणार, म्हणजे ती इथं राहणार. नाही आली तर ऑफिसला कुलूप आणि भाची पुण्याला. मी त्याच दिवशी कॅफे गाठला.

जिची जाहिरात करायची ती वस्तू मी आधी वापरून बघते. म्हणून गेले आणि बसले खुर्चीवर. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. जन्मात सायकल चालवली नव्हती, त्यामुळे गाडी सारखी भिंतीवर जायची, पण सोडवेना हो. तेवढ्यात भाचीचा फोन आला, मावशी, जेवायला थांबलेय. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढा एक डाव होऊ दे, आलेच." आणि मी खुर्चीतच टाळी वाजवली. जाहिरात सापडली होती.

मालकाला हवं होतं युद्ध, स्फोट, शूरवीर. मी म्हटलं, ते पोरांना माहीत आहे, तुमचं अडलंय आयांपाशी. आमच्याच स्वयंपाकघरात, तव्यावर भाकरी टाकून, भाचीच्या फोनवर माझा आवाज भरला. आधी नुसती हाक: "अरे ए, कुटं हायस? भाकरी गार व्हायला लागली. ये की घरला." मग बराच वेळ काहीच नाही. मग म्हणायचं, "काय, एकच डाव राहिलाय? थांब मग, मीबी येते. मलाबी शिकव." आणि शेवटी कॅफेचा पत्ता. मधली शांतता भाचीला लांब वाटत होती. मी अडून बसले. थांबल्याशिवाय माणूस हसत नाही, हा माझा अनुभव.

संध्याकाळी भोंगा लावलेली रिक्षा निघाली. पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही दोघी, शेजारून मोटरसायकलवर मालक. तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या मैदानाला वळसा घातला आणि माझी हाक वाजली. तुम्हाला खोटं वाटेल, खेळणारी पोरं हातातल्या बॅटीसकट घराकडे पळाली. ज्यांच्या आया घरात तेलुगूत हाक मारतात, तीसुद्धा. माझी शांतता संपून पुढचं वाजेपर्यंत मैदानावर एक कुत्रं तेवढं उरलं. कॅफेचा पत्ता त्यानेच काय तो ऐकला.

मालकाने मोटरसायकल बंद केली. "मावशी, मी पोरं दुकानात आणायला सांगितलं होतं. तुम्ही घरी पाठवली."

भाची माझ्याकडे बघेना. मला तर त्या भोंग्यात शिरून बसावंसं वाटलं.

तोवर दारादारांतून बाया बाहेर. आमची पोरं कुणी बोलावली, म्हणत रिक्षाला गराडा. एकीच्या हाताला कणीक तशीच. म्हणाली, "माझा तवा अजून चुलीवर चढला न्हाय, अन् ह्यो हात धुऊन बसला की ताटावर. रोज माझा घसा बसतो, तवा येतो. उद्याबी आणा ही रिक्षा." सगळ्या हसायला लागल्या. मग तिनेच मालकाला विचारलं, "तुमच्या दुकानात पोरगं बसलं, तर तितंबी ही हाक वाजल का?"

मी मालकाकडे बघितलं. माणूस धंद्याचा पक्का निघाला. त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. "वाजंल की, वहिनी. ठरल्या टायमाला हाक, अन् हाक झाली की पडदे बंद. पोरगं जेवायला घरी."

"मग येऊ द्या," ती म्हणाली. "आधी मी येऊन बघते."

ती खरंच आली, शेजारणीला घेऊन. मी त्यांच्या मधल्या खुर्चीवर. आमच्या तिघींच्या गाड्या भिंतीवर, आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी. भाचीने त्याचीच पुढची जाहिरात केली. पोरं आईला विचारून यायला लागली. वर्षभराचं काम मिळालं, आणि पुण्याच्या कंपनीला भाचीने माझ्यासमोरच नकार कळवला. मी तोंड फिरवून खिडकीतून खताच्या गोण्या बघत बसले, नाहीतर काय करणार.

परवा एक जण कानावर लावायचे हेडफोन घेऊन आला. बाहेरचा सगळा आवाज बंद करतात म्हणे. भाचीने पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मी कानावर चढवून बघितले. रस्ता गेला, पंखा गेला, तिची बडबड गेली. मग काढले आणि म्हटलं, लिही: "सगळं बंद होईल. आईची हाक सोडून."