सातास आठ

सकाळपासून कोरडा, बोचरा वारा सुटला होता आणि स्टुडिओचं शटर आपलं आपणच खडखडत होतं. तिनं ते अर्धं वर केलं, वाकून आत शिरली आणि आधी फोटोमागचा पांढरा पडदा पाहिला. आदल्या दिवशी कुणाच्या तरी कार्ट्यानं त्यावर बुटाचा ठसा उमटवून ठेवला होता. ओल्या फडक्यानं तो पुसता पुसता ती पुटपुटली, "फोटो काढायला आला होतास की भिंत चढायला?"

गल्लीत तिला सगळे ब्रशवाली म्हणत. नवरा फोटो काढायचा, ही ते निस्तरायची. कुणाची पुटकुळी, कुणाच्या कपाळावर आलेली चुकार बट, नाहीतर कॅमेऱ्याच्या आत शिरलेल्या धुळीचा डाग. पूर्वी खरा ब्रश होता, आता कॉम्प्युटरवरचा. पण हात तोच. तिचा ठिपका गोल कधी पडायचाच नाही; डावीकडे कलून आडवा व्हायचा, तांदळाचा दाणा कलंडावा तसा. इतरांना तो दिसतही नसे. नवरा मात्र हसायचा, "झाली का सही करून?"

तिला चंद्राचं खूळ लागलं ते नणंदेमुळं. एका संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर येत होता आणि नणंद ओरडली, "वहिनी, पळत या. परातीएवढा आलाय." हिनं गच्चीवर जाऊन फोटो काढला. चंद्र डोक्यावर आल्यावर पुन्हा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. रेसभरही फरक नव्हता.

"म्हणजे परात खोटी?" नणंदेचं तोंड उतरलं.

"चंद्र खरा. परात तुमच्या डोळ्यांतली. खाली असताना घरं, झाडं शेजारी असतात, म्हणून तो मोठा वाटतो."

मग तिला चाळाच लागला. तीच गच्ची, तेच भिंग, आणि दर पौर्णिमेचा फोटो. तेव्हा कुठं खरी गंमत कळली. डोळा फसवतो हे खरंच, पण चंद्रही काही कमी नाही. त्याची वाट नेमकी गोल नसते, जराशी लांबट असते. तो कधी जवळ येतो, कधी लांब जातो. लांब असताना पौर्णिमा पडली की चंद्र लहान आणि मंद. जवळ असताना पडली की मोठा आणि लख्ख. फरक सातास आठ. लहान चंद्र सात बोटं धरला, तर मोठा आठ. उजेड मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं वाढतो. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण दोन पौर्णिमा कुणी शेजारी टांगून ठेवत नाही.

"मग आपण टांगू," वाचनालयातल्या बाई म्हणाल्या. त्या पासपोर्टचा फोटो न्यायला आल्या होत्या आणि चंद्राचे फोटो बघत बसल्या होत्या. "आमच्या दाराजवळची भिंत रिकामीच आहे."

लहान चंद्र हिनं काढला. त्यावर धुळीचा एक डाग आला होता, तो झाकला. मोठ्यासाठी अर्ध्या वर्षाहून अधिक थांबावं लागलं, आणि नेमकी ती संध्याकाळ आली तेव्हा ही तापानं फणफणलेली. उठायला गेली तर भिंत गरगरली.

"अगं, पडून राहा. मी काढतो की," नवरा म्हणाला. कपाळावरची पट्टी बदलता बदलता त्यानं विचारलं, "किती मोठा दिसेल म्हणालीस?"

"सातास आठ," ती ग्लानीत म्हणाली.

कॅमेरा खांद्याला लावून तो स्टुडिओच्या गच्चीवर गेला. परत आला तो उशाशी बसूनच सांगायला लागला. टाकीची कड कशी आधी पिवळी झाली, कौलं कशी उजळली, शेजारच्या छपरावरचं मांजर कसं चंद्राकडं पाठ करून बसलं होतं. "तू असायला हवी होतीस," असंही म्हणाला. तापात तिला तेवढं एक थंडगार वाटलं. बरी होऊन उठेपर्यंत त्यानं फोटो मोठा छापून, चौकटीत घालून भिंतीवर लावलादेखील होता. लोक यायचे, ती समजावून सांगायची आणि शेवटी मांजराचं सांगायची. मांजराला सगळे हसायचे.

पडदा पुसून होतो न होतो तोच वाचनालयातल्या बाई दोन्ही चौकटी छातीशी धरून आत आल्या.

"वाऱ्यानं खिडकी आपटली हो. मोठ्या चंद्राची काच गेली, लहानाची चौकट निखळली. दुपारी शाळेतली मुलं यायची आहेत तुमचं ऐकायला. तेवढ्यात होईल ना?"

"होईल की. बसा."

तिनं दोन्ही फोटो चौकटीतून सोडवले आणि टेबलावरच्या दिव्याखाली पालथ्या हातानं सरळ केले. काचेविना ते ती पहिल्यांदाच शेजारी बघत होती. चंद्रावरचे डाग सारखेच असणार. चंद्र नेहमी एकच तोंड दाखवतो. म्हणून तर कुणाला कधी शंका आली नव्हती. तिची नजर सवयीनं धुळीच्या डागाकडं गेली. लहान चंद्रावर डाव्या अंगाला तिचा ठिपका होता, कलंडलेला तांदूळ.

मोठ्या चंद्रावरही होता. त्याच जागी, तसाच कलंडलेला. फक्त जरा मोठा, सातास आठ.

मोठ्या चंद्राला तिनं कधी हातसुद्धा लावला नव्हता.

बाई काहीतरी बोलत होत्या, ते तिला लांबून आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात नवरा शटरखालून वाकून आला. टेबलावर काय मांडलंय ते त्यानं पाहिलं आणि तो वाकलेलाच राहिला.

"अहो," ती म्हणाली, "ही सही माझी आहे ना?"

सावकाश सरळ होत त्यानं खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी सावरली.

"त्या दिवशी तुम्ही गच्चीवर गेलाच नाहीत."

"जाणारच होतो," तो म्हणाला. "जिन्याखालच्या न्हाव्यानं हाक मारली. एक डाव, म्हणून पत्ते खेळायला बसलो. वर गेलो तर सगळं ढगांनी भरलेलं. तू इतके दिवस वाट बघितलेली, त्यात अंगात ताप. काय सांगणार होतो? म्हटलं, फरक नुसता मापाचा तर आहे."

"माप मीच सांगितलं तुम्हाला. कपाळावर पट्टी ठेवता ठेवता काढून घेतलंत."

"तेव्हा नव्हतं गं मनात. शपथ."

"मांजर होतं?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं. ढगांचं तिला सोसलं असतं. पत्त्यांवरूनही भांडून मोकळी झाली असती. पण ते मांजर तिनं स्वतः बघितल्यासारखं गावभर सांगितलं होतं. केसानं गळा कापतात म्हणतात, इथं तर तिचाच केस घेऊन कापला होता.

"जाऊ दे ना आता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कुणाला कळतंय? मुलांना काय, मोठा दिसला म्हणजे झालं."

"मला तोंडघशी पाडलंत ते पाडलंत. आता पोरांसमोर परत उभं करता?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "असू दे हो," त्या चाचरत म्हणाल्या. "आकडा तर खराच आहे ना?"

"आकडा खरा आहे. चंद्र खोटा आहे," ती म्हणाली. "लहान तेवढा लावा. शेजारची जागा रिकामी ठेवा. मी येते दुपारी. मोठा अजून काढायचा राहिलाय, असं सांगेन."

"आणि का राहिला विचारलं तर?" बाई म्हणाल्या.

"सांगेन की काढणारा वेळेवर गच्चीवर गेला नाही."

तिनं लहान चंद्राची चौकट ठोकून घट्ट केली, बाईंच्या हातात दिली आणि मोठा फोटो पालथा घालून टेबलाखाली सरकवला. नवरा कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा चाळवत उभा राहिला. पुढच्या वेळी, असं काहीतरी त्यानं सुरू केलं.

"पुढच्या वेळी मी जाईन. तापात असले तरी."

बाई गेल्या त्या दारातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. वाऱ्यानं त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. पासपोर्टचा फोटो हवा होता, आणि आजच.

"बसा काका. तो कंगवा घ्या," ती म्हणाली. नवरा कॅमेऱ्यामागं जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडं न बघता दिवा सरकवला, पडद्याची सुरकुती ओढून ताणली.

"हनुवटी जरा खाली. आणखी थोडी. हं, आता हलू नका."