उकंडाचं नाक

मी पांढरकवड्यात फवारणीचे पंप दुरुस्त करतो. दारू माझ्या ओठाला कधी लागली नाही, पण उकंडाच्या नाकावर माझा डोळे झाकून विश्वास होता. त्याच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीत, लग्नाची मोहाची दारू आधी त्याच्या ओंजळीत पडायची. चार थेंब पूर्वजांच्या नावानं मातीत, मग नाक, मग जीभ. तो 'वाटा' म्हणाला की मगच मांडवात दारू फिरायची. मोहफूल नीट वाळलं होतं की बुरसटलं होतं, भट्टीत युरिया गेला की काय, सगळं सांगायचा. लबाड गाळणारे त्याला टरकून असत.

या नाकाची कीर्ती, उकंडा ज्याच्या शेतात मजुरीला जायचा त्या घनश्यामच्या कानावर गेली आणि घात झाला. त्या साली बोंडअळीनं कपाशी पोखरली होती आणि बाजारात बोगस औषधांचा सुळसुळाट. घनश्याम आपल्या शेतातली प्रत्येक बाटली उकंडाकडून हुंगून घ्यायचा.

"पाह्य रे, अस्सल हाय का?"

स्वतः तोंडाला रुमाल बांधून दहा हात लांब उभा! आणि हा येडा फुशारकीनं बूच उघडून खोल श्वास घ्यायचा, मग तेच औषध दिवसभर फवारायचा. मी ओरडलो होतो, "काहून हुंगून राह्यला बे? मरशीन!" तो नुसता हसला.

भादव्यात तो शेतातच कोसळला. दवाखान्यातून जिवंत आला, पण नाक गेलं. सुरुवातीला कशालाच वास येईना, मोहाची दारूही पाण्यासारखी लागायची. उन्हाळ्यात वास परतला तो एकच, फवारणीचा. भाकरीला तोच, चहाला तोच, दारूलाही तोच. घनश्याम म्हणाला, "पेणाऱ्याइले होतेच असं." ते आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

वैशाखात उकंडाच्या मुलीचं लग्न होतं. दारू त्याच्या मेहुणीनं, सत्यभामानं गाळली होती. त्यानं ओंजळ नाकाशी नेली आणि अख्खा हंडा लाथेनं उलथवला.

"फवारणी हाय याच्यात! पेऊ नका रे!"

सत्यभामाच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नात विष कालवणारी म्हणून नाव झालं, तर तिला पुन्हा दारात कोण उभं करणार?

उकंडा माझ्याकडे वळला. "फिरोजभाऊ, फवारणीचा तं तुमचा रोजचा धंदा हाय. तुमी सांगा."

मी ओली माती उचलून हुंगली. गोड, आंबूस, मोहफुलाचा वास. खोटं बोलून त्याची लाज राखावी, असं क्षणभर वाटलं. पण ती बाई समोर उभी होती.

"नाही रे. चांगली होती."

तो मटकन खाली बसला. सत्यभामा आता शिव्या घालणार, असं मला वाटलं. ती दुसरा हंडा घेऊन आली.

"धरा ओंजळ, भाऊजी. तुमी म्हणल्याबिगर कोणी पेत नाही."

"मले कळत नाही वं आता."

"मले कळते नं. मी गाळली हाय."

उकंडानं ओंजळ तोंडाला लावली. उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं थेंब न सांडता सगळी गिळली आणि मान हलवली. मांडवात दारू फिरली, ढोल वाजू लागला. त्याच्या जिभेवर मात्र विषच होतं, आणि ते त्याच्या नाकात भरणारा घनश्याम अजून मिशीला पीळ देत गावातून हिंडतो.