दोन बोटांचा फुगवटा

सोमवारपासून तिचा भाऊ फोन उचलत नव्हता. कामात हात गुंतले तरी तिच्या डोक्यातून तो जात नव्हता.

भाऊ फरशा बसवायचा. त्याच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. खूळ एकच: पृथ्वी सपाट आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हे भूत मानगुटीवर बसवलं, ते उतरलंच नाही. पातळी मोजायच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबतो, म्हणजे खाली सगळं सपाटच, हा त्याचा पुरावा. साइटवर त्याला सपाटराव म्हणत. तिचा मुलगा तिथेच इंजिनीअर होता. ही नोकरी मामानेच शब्द टाकून मिळवून दिलेली. तरी तोही मामाची फिरकी घ्यायचा.

"मामा, ग्रहणात पृथ्वीची सावली गोल का पडते?"

"ताटाची पण गोलच पडते की रे!"

आज जेवताना मुलाला हसू आवरेना.

"आई, मामाला म्हटलं, मोठ्या हॉलला पृथ्वीचा बाक धरावा लागतो. मध्ये दोन बोटं उंच घे, आम्हाला कॉलेजात शिकवलंय. आधी भांडला. मग म्हणाला, तू शिकलेला, तू म्हणतोस तर असेल गोल. आणि खरंच घेतला फुगवटा! मालकाने बादलीभर पाणी ओतलं, ते चारी भिंतींकडे पळालं. सगळे हसून लोळले."

तिचा घास हातातच राहिला. एवढ्याशा हॉलमध्ये तो बाक केसाच्या जाडीइतकाही भरत नाही, हे तिलासुद्धा कळत होतं.

"मग?"

"मग काय, कंत्राटदाराने हाकलला. पोरांनी त्याची पाणसळ गच्चीवरून फेकली. म्हणे, बघू पृथ्वीच्या कडेवरून पडते का."

"तूच सांगितलंस, हे बोलला नाहीस?"

"वेडी आहेस का? माझी नोकरी जाईल."

"आणि त्याने तुझं नाव घेतलं नाही?"

"नाही. मान खाली घालून उभा होता. मिळेल गं दुसरीकडे काम."

"कोण देणार? फुगवट्याची गोष्ट आता तुम्हीच गावभर कराल."

तिने हात धुतले, पदराला पुसले. मुलाच्या नोकरीच्या वेळी भावाने दिलेला नंबर अजून फोनमध्ये होता.

"आई, मामा उचलणार नाही."

"मामाला नाही लावत," ती म्हणाली. "तुझ्या कंत्राटदाराला लावतेय."