कुठलं 'काढ'?

आमच्या वन्सं म्हणजे संशयाचं आगर. दूधवाल्यावर संशय, कुलपावर संशय, चहात साखर कमी पडली की माझ्यावर. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नवरा म्हणाला होता, "ताईचं मनावर घेऊ नकोस. ती स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाही." वर माझं नशीब असं, की दोघींची नोकरीही एकाच शाळेत. मी चित्रकला शिकवते. वन्सं मागे पडणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून शिकवतात. कुणाला अक्षरं उलटी दिसतात, कुणाला शाळेची भाषाच येत नाही.

यंदा आलेल्या एका मुलीला दोन्ही. घरची बोली वेगळी, आणि वाचायला बसली की अक्षरांची अदलाबदल. तोंडातून शब्द फुटायचा नाही, म्हणून सगळे तिला चिडवायला मैना म्हणायचे.

अशा मुलांची पारख करायला बाहेरून एक डॉक्टर येतात. त्यांनी मैनेपुढे माणसाचं अर्धवट चित्र ठेवलं. एकच डोळा, एकच हात. म्हणाले, "याचा डोळा काढ." मैनेनं खोडरबर घेतलं आणि होता तो डोळाही पुसून टाकला. "बरं, हात काढ." हातही गेला!

डॉक्टर म्हणाले, हिला साधी सूचना कळत नाही, वेगळ्या शाळेत पाठवा. ती शाळा पार दुसऱ्या टोकाला. आई पहाटेच कामाला जाणारी, पोरीला नेणार-आणणार कोण? तिकडे पाठवणं म्हणजे घरी बसवणंच. मुख्याध्यापक म्हणाले, "उद्या आईला बोलावून सांगून टाकू."

झालं, वन्संचं चक्र सुरू. "डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते, पाहिलंत ना? आणि त्या शाळेला मुलं कमी पडत असणार." थोड्या वेळानं मैनेवरच घसरल्या. "कार्टी मुद्दाम तर करत नाही?"

"पुरे हो वन्सं!" मी वैतागले.

दुपारी माझ्या वर्गात रंगाचं पाणी सांडलं. मैना नेमकी त्यात उभी. मी ओरडले, "अगं, बूट काढ आधी!" तिनं झटकन काढले. "आता रंगपेटी काढ." तीही दप्तरातून काढली. दारात वन्सं उभ्या होत्याच, पाळतीवर.

"वहिनी, काय म्हणालात आत्ता?"

"बूट काढ म्हटलं. आता तुम्ही भांडण काढू नका."

"अहो, तेच तर! बूट काढ, डबा काढ, म्हणजे आहे ते बाजूला करायचं. डोळा काढ म्हटल्यावर पोरीनं काय करावं?"

मी कपाळावर हात मारला. वर्गात मी बोलते कमी, फळ्यावर करून दाखवते जास्त. मैना बघून बघून करत होती, म्हणून 'काढ'चा हा घोळ माझ्या कधी लक्षातच आला नाही.

वन्सं तिला घेऊन तडक मुख्याध्यापकांकडे. चित्र पुढ्यात ठेवलं, रिकाम्या जागी बोट ठेवून म्हणाल्या, "इथे डोळा हवा." मैनेनं डोळा केला. वर पापण्याही.

"म्हणजे पोरीला काहीच झालेलं नाही!" मुख्याध्यापक खूश.

वन्संना तेही पटेना. "असं कसं? अक्षरं अजून उड्या मारतायत तिची. भाषेचं दुखणं वेगळं, वाचनाचं वेगळं. दोन्हींसाठी मी बसते तिच्याजवळ. पण इथे. याच शाळेत."

मुख्याध्यापकांनी मैनेकडे पाहिलं, मग त्या पापण्यांकडे. "राहू दे इथेच. डॉक्टरांशी मी बोलतो." मैनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शीक हो. शाळेचं नाव काढ!"

मैनेच्या एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात खोडरबर. तिनं डोळे बारीक केले, अगदी वन्संसारखे, आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"लिहून? का पुसून?"

मुख्याध्यापकांना हसू आवरेना, मलाही. वन्संनी मात्र तिच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं.

"लिहून गं बयो," त्या म्हणाल्या. "चांगलं मोठ्ठं लिहून."