झाकण घाल

बाय कुणाच्याही घरात शिरली की लगेच बसायची नाही. आधी हाताचा पालथा पंजा भिंतीला लावायची, पोराचा ताप बघतात तसा, आणि मान हलवायची. "तापली हा." मग माशांची पेटी डोक्यावरून उतरायची. आता भिंत तापली तर घरवाल्याने काय करावं? ते ती सांगायची नाही. पण आपल्या हातून काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं, आणि माझी बायको उगाचच पंखा वाढवायची.

तिचं दुसरं बोलणं म्हणजे "झाकण घाल." हे बंदरावरचं. मालवणच्या बंदरात पहाटे मासळी घ्यायची, थर्माकोलच्या पेटीत बर्फावर रचायची, वर झाकण, आणि दुपारपर्यंत आमच्या खाडीकाठच्या वाड्या पालथ्या घालायच्या. गिऱ्हाइकाने पेटीत डोकावून नुसता हात फिरवला की ही ओरडायची, "झाकण घाल रे मेल्या, बर्फ काय तुझ्या सासऱ्यान दिल्यान?" फ्रीज उघडा दिसला, झाकण घाल. दार उघडं दिसलं, झाकण घाल. एकदा वाडीच्या बैठकीत एक पुढारी बोलत सुटला तेव्हा मागून बायचा आवाज आला, "आता झाकण घाल." बैठक तिथेच मोडली.

बाय म्हणजे सगळ्यांचीच बाय. नवरा लवकर गेला तेव्हापासून ती माहेरी, धाकट्या भावाकडे. भाऊ पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा. त्याला सगळे बाबल म्हणत. तोंडाचा फटकळ आणि हसरा. माडावर असला की वरून सगळ्या वाडीची चेष्टा करायचा, कुणाच्या घरात काय शिजतंय तेसुद्धा वरून सांगायचा.

तो पडला. दुसरं काय सांगू? इतकी वर्षं चढत होता आणि एक दिवस पडला. जीव वाचला, पण मानेखालचं अंग गेलं. त्याची बायको काही महिने राहिली, मग मुलीला घेऊन मुंबईला भावाकडे गेली. मी तिला नावं ठेवणार नाही. वाडीने ठेवली तेवढी पुरेत.

गोव्याच्या इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी बायला एक गोष्ट बजावून सांगितली होती. या माणसाला आता मानेखाली घाम येणार नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायची सोय नाही. उन्हाळ्यात याला जपा. गर्मी याला मारील. बायने घरी येऊन हे मला तीनदा सांगितलं, कारण मी वायरमन, आणि गर्मीवर इलाज माझ्याकडे असणार असं तिला वाटलं.

मी एसी बसवून दिला. पण घर कसलं, तर सिमेंटच्या पत्र्याचं. एप्रिलात वरचा पत्रा असा तापायचा की एसी दिवसभर घुरघुरत राही आणि खोली जेमतेम बरी होई. बिल बघून बाय ओट्यावर बसून राहिली. त्यात आमच्याकडची वीज. ढग आला तरी जाते, ढग गेला तरी जाते. लाईट गेली की तासाभरात खोली पुन्हा चुलीशेजारी बसल्यासारखी. इन्व्हर्टर होता, पण तो बिचारा फक्त पंखा ओढणार.

"एसी थंडी करता नि पत्रो खाता," बाय म्हणाली. हे तिने बरोबर ओळखलं होतं.

मग तिने जे केलं ते केवळ मासे विकणाऱ्या बाईलाच सुचलं असतं. खोलीला फळ्यांचा माळा होता. माळा आणि पत्रा यांच्यामध्ये जेमतेम पोटावर सरपटत जाण्याएवढी जागा. साठीची बाई लुगड्याचा काष्टा मारून त्या पोकळीत शिरली. बंदरावर फेकलेल्या थर्माकोलच्या पेट्या गोळा करून तिने त्यांची झाकणं वर एकमेकांना भिडवून पसरली. त्यावर गिरणीतून आणलेल्या भाताच्या तुसाच्या गोणी ओतल्या, बर्फाच्या लादीवर पसरतात तसं. फटींत नारळाचा काथ्या ठोकला. भिंतींना आतून थर्माकोल. खिडकी कायमची बंद. दाराच्या चौकटीला मी रबराची पट्टी लावून दिली, तेव्हा तिने दार चारदा उघडलं आणि लावलं, आवाज ऐकला आणि म्हणाली, "आता झाकण बसला."

"अगो बाय, ह्या काय खोली म्हणायची काय पेटी?" मी विचारलं.

"पेटीच. तुसात बर्फ दोन दोन दिवस रवता. मग माझो भाव कित्याक रवाचो नाय?"

यात चूक काढायला आम्हाला काही सापडलं नाही. गंमत एवढीच झाली की पेट्या धुऊन वाळवूनसुद्धा त्यांना बांगड्याचा वास होताच. वाडीतली सगळी मांजरं तिच्या पत्र्यावर जमली. आत माळ्यात पसरलेला हा खजिना, आणि वाट कुठूनच नाही! आठवडाभर वर मांजरांची सभा आणि खाली अंथरुणावर बाबल हसतोय. "बायन माका पेटयेत भरल्यान," येईल त्याला सांगायचा. "वरती वायच मीठ घातल्यान की खारवलेलो बांगडो तयार." बाय त्याला म्हणायची, "शिरा पडो तुझ्या तोंडार," आणि ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसायची. कपाळालाही पालथा पंजा. भिंत आणि भाऊ, दोन्ही ती एकाच हाताने बघायची.

आणि उपाय चालला, राव. मी स्वतः बघितलं. एसी जरा वेळ चालून गप्प बसायला लागला. बिल उतरलं. दुपारी लाईट गेली तरी खोली संध्याकाळपर्यंत गार. बायने मला बोलावून माझा हात भिंतीवर दाबून ठेवला. तिच्या तोंडावर तेव्हा जे हसू होतं ते मी पुन्हा बघितलं नाही.

त्यानंतर ती जरा शेफारलीसुद्धा. तोंडवलीला एका होमस्टेवाल्याकडे ती मासे द्यायची. त्याच्या खोल्यांची दारं सताड उघडी आणि आत एसी चालू. बायने भिंतीला पंजा लावला आणि पाहुण्यांच्या देखत त्याला सुनावलं, "मेल्या, तुझो एसी समुद्र थंड करता!" पाहुणे हसले. त्याने मात्र खरंच पुढच्या उन्हाळ्याच्या आत तिला बोलावून खोल्यांच्या वर काय काय भरायचं ते विचारून घेतलं.

मग ते मे महिन्यातलं वादळ आलं. तारा, खांब, माड, सगळं आडवं. आम्हां खासगी वायरमनांनाही कामाला घेतलं आणि मी घराबाहेरच होतो. पुढचं मी माझ्या बायकोकडून ऐकलं. तिने ते एकदाच सांगितलं.

वादळाचा दिवस बरा गेला. वारा, पाऊस, हवा थंड. वीज गेली तरी बाबलची खोली गार होती. दुसऱ्या दिवशी वारा मेला आणि ऊन पडलं. कसं ऊन! ओली जमीन वाफ सोडत होती आणि झाडाचं पान हलत नव्हतं. इन्व्हर्टर केव्हाच संपलेला. पंखा बंद. बायने ठरवलं, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जनरेटर आहे, तिथून लादी आणायची. रस्त्यात झाडं पडलेली, म्हणून होडीने खाडी उतरून पुढे चालत जायचं. माझ्या बायकोला तिने दारासमोर पडवीत बसवलं.

"मी येयपर्यंत झाकण उघडू नको हां. एकदा थंडी गेली तर परत येवची नाय."

बायको बसली. सांगितलं तशी बसली. मधून मधून बंद दारातून बोलत राहिली. बाबल आतून विचारायचा, "इली काय गो बाय?" ही म्हणायची, "येतली रे, बर्फ घेवन येतली." मग बराच वेळ गप्प. मग तो म्हणाला, "वैनी, बांगडो शिजलो गो." रोजचीच चेष्टा त्याची. ही हसली. त्यानंतर त्याची हाक आली नाही, आणि हिला वाटलं, झोप लागली.

बाय उन्हातून आली. डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी, पाणी पाठीवरून गळतंय, लुगडं चिंब. दार उघडलं तर आतली वाफ तोंडावर आली. बाहेर ऊन होतं, पण आत त्याहून जास्त गरम होतं. तिने लादी तशीच त्याच्या छातीवर टाकली आणि गोणपाटासकट चोळत राहिली. माझी बायको म्हणते, किती वेळ ते विचारू नका. मग तिने पालथा पंजा त्याच्या कपाळाला लावला.

डॉक्टर संध्याकाळी पोचले. वाडीतल्या चार माणसांसमोर ते हळू आवाजात बोलले. "यांच्या अंगाला उष्णता बाहेर टाकता येत नव्हती. आणि टाकली असती तरी खोलीने ती बाहेर जाऊ दिली नसती. एसी चालू होता तोवर ठीक होतं." एवढंच. थंडी आत राखणारं झाकण ऊबही आत राखतं. पेटीतली मासळी मेलेली असते, तिला स्वतःची ऊब नसते. माणूस जिवंत असतो तोवर तापत राहतो. बायचं सगळं शहाणपण बर्फाचं होतं, आणि बर्फाबद्दल त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

मी त्याच वेळी बायच्या घरी पोचलो. माझी बायको दारापुढच्या खळ्यात बसून एकच वाक्य बोलत होती, "मी हसलंय. तो सांगी होतो आणि मी हसलंय." बाय आतून उठून आली. तिच्यासमोर बसली. तिच्या कपाळाला पंजा लावला.

"तू कित्याक रडतंस गो? झाकण माझा."

देवा, मला ते ऐकवेना. मी माडाच्या मुळाशी जाऊन उभा राहिलो.

मुंबईला बाबलच्या मुलीला कळवलं होतं. ती निघाली, पण रुळांवर झाडं पडलेली. गाडी आमच्या अलीकडच्या नांदगाव स्टेशनात थांबवून ठेवली होती. वाडीतली शहाणी माणसं म्हणाली, गर्मी बघा, आजच उरकू या. बाय ऐकेना. "चेडवाक बापाशीचा तोंड दिसाक व्हया."

बर्फ होताच. लादी निम्मी शिल्लक होती, आणखी दोन लाद्या होडीने आल्या. आम्ही फोडून दिला. रचला मात्र तिने एकटीने. खाली तूस, त्यावर बर्फ, त्यावर बाबल, दोन्ही बाजूंनी पुन्हा बर्फ. पायांपासून डोक्यापर्यंत ती सावकाश गेली, चेहरा मोकळा ठेवला, केस सारखे केले. आयुष्यभर जे काम केलं तेच. हात चुकत नव्हता. खोलीतून बाहेर पडणारा मी शेवटचा होतो. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"झाकण घाल."

मी दार ओढलं. मीच लावलेली रबराची पट्टी चौकटीला नीट बसली.

मुलगी दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर आली. नांदगावहून टेम्पोतून, मग चालत. पाच वर्षांनी येत होती. उंच झालेली, बापासारखं नाक. बाहेर आम्ही सगळे घामाने निथळत होतो. बायने दार उघडलं आणि तिला आत घेतलं. मी उंबऱ्याशी होतो. बर्फ बराचसा शाबूत होता. बाबल काल ठेवला तसाच होता, झोपल्यासारखा. पोरीच्या अंगावर शहारा आला. तिने ओढणी ओढून घेतली.

"आत्या, किती गार आहे इथे," ती म्हणाली. "म्हणजे पप्पांना गर्मीचा त्रास नाही ना झाला?"

बायने पालथा पंजा भिंतीला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"नाय गो," ती म्हणाली. "बघ. आता रवता थंडी."

कार्य झालं, पोर परत गेली. बायने माळा उतरवला. तूस खळ्यात ओतलं, झाकणं परसात रचून ठेवली, ती पावसात भिजून काळी पडली. मला बोलावून दार काढून न्यायला सांगितलं. मी म्हटलं, बाय, पाऊस तोंडार इलो, कुत्रीमांजरं शिरतली. ती म्हणाली, "शिरूंदेत." मासे विकायची, पण बर्फ घेत नसे, संध्याकाळच्या होडीचे चार मासे केळीच्या पानात घालून दोन घरं फिरायची. आमच्याकडे यायची, माझ्या बायकोजवळ टेकायची, पण भिंतीला हात लावायची नाही. ती विसरली असेल म्हणून माझ्या बायकोनेच एकदा विचारलं, "बाय, बघ गो, तापली हा काय?" बाय म्हणाली, "तापूंदे."

गेल्या श्रावणात ती गेली. पहाटे तिच्या ओट्यावर, उघड्यावर. घर पडीक आहे. वारा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. दार माझ्या मांगरात, परसातल्या खोपटात, उभं आहे, पट्टीसकट. तिच्या चौकटीला नुसत्या बिजागऱ्या राहिल्यात.